पोहायला गेलो अन् गजकर्ण घेऊन आलो

मे महिना लागला की गावाकडच्या पोरांचा पत्ता एकच. घरात सापडत नाहीत, शाळा बंद, म्हणजे कुणाच्या तरी विहिरीवर असणार. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, नाहीतर सुका भोपळा, नाहीतर ट्रॅक्टरची जुनी ट्यूब, आणि काठावर उभा राहून ओरडणारा चुलता. आमच्या पिढीतली बहुतेक माणसं अशीच पवायला शिकली. विहिरीचं पाणी रोज उपसलं जायचं, झऱ्यांतून नवं यायचं. दमून वर आलं की तापलेल्या दगडावर पालथं पडायचं, पाच मिनिटांत अंग कोरडं. टॉवेल कुणाकडं होता?

आता चित्र बदललं. विहिरींचं पाणी तळाला गेलं, काहींवर लोखंडी जाळ्या बसल्या. शेततळी झाली, पण प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं शेततळं म्हणजे पोहण्याची जागा नव्हे. कडेला शेवाळ धरलेला तो कागद इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. दोर आणि कुंपण नसलेल्या शेततळ्याकडं पोरांना फिरकूही देऊ नये. हा विषय वेगळा आहे, पण लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही.

तर आता पोरं हट्ट धरतात ती निळ्या फरशीच्या तलावाचा. राज्य सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. हुरडा, चुलीवरचं जेवण, बैलगाडीची चक्कर आणि पोरांना डुंबायला एक छोटा तलाव, असा सगळा थाट आता डांबरी रस्त्याकडेच्या शेतांत दिसतो. शेतकऱ्याला जोडधंदा मिळतो, यात वाईट काहीच नाही. पण त्या तलावाच्या काठावर काय काय चालतं, याचा एक अनुभव माझ्या अंगावर, अगदी शब्दशः अंगावर, उमटला. म्हणून हा लेख.

दोन वर्षांमागं घरच्यांना घेऊन अशाच एका ठिकाणी गेलो होतो. ठिकाणाचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकाचा नाही. दाराशी पाटी होती, नायलॉनचा पोहण्याचा पोशाख असल्याशिवाय पाण्यात उतरता येणार नाही. नियम बरोबर आहे, सुती कपड्यांचे धागे सुटून गाळणी तुंबते. आमच्याकडं पोशाख नव्हते. तिथंच एका टोपलीत भाड्याचे होते. मला जी चड्डी मिळाली ती ओलसर होती. आदल्या माणसानं काढली, पोऱ्यानं पाण्यातून पिळली आणि टोपलीत टाकली, असा तो प्रकार. मनात शंका आली. पण पोरगा आधीच पाण्यात उडी मारायला निघाला होता. घातली.

दहा-बारा दिवसांनी जांघेत खाज सुरू झाली. आधी वाटलं घामोळं असेल. मग रुपयाएवढा लाल चट्टा, त्याची कड उठावदार, मधला भाग फिका. या जागेचं दुखणं माणूस कुणाला सांगत नाही. मीही नाही सांगितलं. मेडिकलमध्ये गेलो, गिऱ्हाईक कमी झाल्यावर हळू आवाजात खाजेवरची ट्यूब मागितली, आणि मिळाली. चार दिवसांत खाज गायब! आठव्या दिवशी चट्टाही पुसट. ट्यूब बंद केली. पंधरा दिवसांत तोच आजार दुप्पट होऊन परत आला, या वेळी पार कमरेपर्यंत. परत ट्यूब, परत आराम, परत उठाव. तीन महिने हा खेळ चालला. तोवर बायकोच्या कमरेला आणि पोराच्या मानेवर चट्टे आले होते. शेवटी तालुक्याला त्वचारोगतज्ज्ञाकडं गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ट्यूबचा.

त्या भाड्याच्या चड्डीतूनच हे आलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रोग लागल्यापासून चट्टा दिसेपर्यंत काही दिवस ते दोन-तीन आठवडे जातात, तेवढ्यात माणूस दहा ठिकाणी बसतो-उठतो. पण मधल्या दिवसांचा हिशेब जुळत होता एवढं खरं.

बुरशी ती बुरशीच

गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, दाद म्हणा, हा बुरशीचा आजार आहे. रक्त दूषित झाल्यानं, उष्णता वाढल्यानं किंवा कुणाच्या नजरेनं तो होत नाही. द्राक्षावर भुरी आणि उसावर तांबेरा येतो, ती जशी बुरशी, तशीच ही. पीक फक्त वेगळं. आपल्या कातडीचा वरचा मेलेला थर, केस आणि नखं ज्या द्रव्याची बनलेली असतात, त्याच द्रव्याची जनावरांची शिंगं आणि खुरं असतात. ही बुरशी ते द्रव्य खाऊन जगते. तिला हवी ऊब, ओल आणि वारा न लागणारी जागा. म्हणून जांघ, काख, कंबर, बायकांच्या छातीखालची घडी आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या ही तिची आवडती ठिकाणं. चट्टा मध्ये बरा होत आल्यासारखा दिसतो आणि कडेनं पसरत जातो, त्यामुळं अंगठी घातल्यासारखा गोल दिसतो.

खरूज वेगळी. ती बुरशी नव्हे, बारीक किडीचा आजार. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुटकुळ्या, घरातली सगळी माणसं एकदम खाजवणारी, ही तिची खूण. पाठीवर आणि छातीवर फिकट किंवा तपकिरी ठिपके येतात ते शिबं. ती बुरशीच, पण वेगळ्या जातीची. ती मूळचीच प्रत्येकाच्या कातडीवर थोडीफार असते आणि घामाच्या दिवसांत वाढते, तलावातून आणावी लागत नाही. औषध निराळं असतं म्हणून हा फरक सांगितला.

पाण्यापेक्षा फरशीला भ्या

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात, तलावाच्या पाण्यातून रोग लागला. गजकर्णाच्या बाबतीत हे फारसं बरोबर नाही. पाणी भरपूर असतं, त्यात क्लोरीन असतं, बुरशीचे कण विखरून जातात. खरा धोका पाण्याबाहेर आहे. ज्याला आधीच पायाला किंवा अंगाला बुरशी आहे, त्याच्या कातडीचे डोळ्यांना न दिसणारे पापुद्रे गळत असतात. पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीचे तर जास्तच. ते पडतात काठाच्या फरशीवर, न्हाणीत, कपडे बदलायच्या खोलीत, लाकडी बाकावर आणि दाराशी टाकलेल्या ओल्या पायपुसण्यावर. पापुद्र्याच्या आत बसलेली बुरशी चिवट असते. वरून क्लोरीनचं पाणी शिंपडलं तरी आतली वाचू शकते. मागून येणारा अनवाणी पाय त्यावर पडतो, पायाची कातडी भिजून पांढरी आणि मऊ झालेली असते, तिला आत शिरायला वाट सोपी. पोहण्याच्या तलावांच्या फरशांवरून ही बुरशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. विलायतेत या पायाच्या बुरशीला खेळाडूचा पाय असंच नाव पडलं आहे.

आपल्याकडं तिला नाव आहे चिखल्या. आपण समजतो चिखल्या भाताच्या खाचरातच होतात. चिखलानं होतात, ओल्या बुटानं होतात आणि ओल्या फरशीनंही होतात. बेचकी पांढरी पडते, सोलते, वास येतो, भेग पडते. त्यात बुरशी असते आणि पाठोपाठ जंतूही शिरतात.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी इथं जरा थांबून वाचावं. रात्रीची लाईट आली की उसाला दारं धरायला जाणारा माणूस तास न् तास ओल्या पायानं उभा असतो. वय पन्नाशीच्या पुढं, साखर वाढलेली, पायाची जाणीव कमी झालेली. बोटांमधली भेग त्याला दुखतच नाही. त्या भेगेतून जंतू आत गेले की पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल होऊन सुजतो, ताप भरतो, आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर प्रकरण बोट, प्रसंगी पाय काढण्यापर्यंत जातं. चिखल्यांना कुणी आजार म्हणत नाही. पण या माणसाच्या घरात चिखल्या हा आजारच समजला पाहिजे. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या मध्ये सुक्या फडक्यानं टिपून, दिव्याखाली बघायचे. स्वतःला वाकून दिसत नसेल तर सुनेनं, नातवानं बघावेत.

ट्यूबची गोष्ट

माझ्या त्या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र होती. एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि तिसरं स्टेरॉईड. खाज चार दिवसांत थांबली ती या तिसऱ्यामुळं. स्टेरॉईड बुरशी मारत नाही. बुरशी आल्यावर आपलं शरीर जी आरडाओरड करतं, लाली, खाज, सूज, तीच तेवढी गप्प करतं. राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबला म्हणजे चोर गेला असं होत नाही. उलट आत बुरशीला रान मोकळं. चट्ट्याचं रूपही बदलतं, गोल कड पुसली जाते आणि मग डॉक्टरलाही नुसत्या नजरेनं ओळखणं अवघड होतं. कातडी पातळ पडते, जांघेत आणि काखेत पांढरे-तांबडे ओरखडे उमटतात, ते कायमचे राहतात. माझे राहिलेत.

केंद्र सरकारनं २०१८ साली अशा कातडीवर लावायच्या बऱ्याच स्टेरॉईड मलमांचा समावेश चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत केला. कागदावर नियम आहे. पण आपण दुकानाच्या फळीवर उभं राहून बोट दाखवतो आणि ट्यूब मिळते. मेडिकलवाल्याला बोल लावावा तर मागणारे आपणच. नळीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉईड समजावं, आणि गजकर्णावर आपल्या मनानं लावू नये.

याचा परिणाम नुसता एका माणसापुरता राहिला नाही. साधारण २०१४ पासून देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांना दिसू लागलं की गजकर्णाचे रुग्ण वाढलेत, चट्टे मोठाले आहेत, आणि पूर्वी दोन-चार आठवड्यांत हटणारा आजार महिनोन् महिने हटत नाही. तपासणीत बुरशीची एक वेगळी जात सापडली. २०२० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या कातडीत ती मिळाली होती. नावात आपला देश आला, पण अभिमान वाटावा असं काही त्यात नाही. या जातीतल्या पुष्कळ बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचं, हुकमी औषध चालत नाही. आता ती बऱ्याच देशांत पोहोचली आहे, अमेरिकेतले पहिले दोन रुग्ण २०२३ मध्ये जाहीर झाले.

द्राक्षवाल्याला हे लगेच कळेल. एकच बुरशीनाशक अर्ध्या मात्रेत, पुन्हा पुन्हा मारत राहिलं की काय होतं? भुरी त्याला जुमानत नाही. मग गट बदलून औषध घ्यावं लागतं, खर्च वाढतो. कातडीवर अगदी तसंच झालं. फरक एवढाच की बागेत गट बदलायला बरेच पर्याय आहेत, माणसासाठी ते मोजकेच. आणि हो, पंपातलं उरलेलं बुरशीनाशक चट्ट्यावर लावून बघण्याची अक्कल कुणी चालवू नये. ते विष आहे. रॉकेल, बॅटरीचं पाणी, ठेचलेला लसूण बांधून ठेवणं, यानं कातडी भाजते, बुरशी राहते ती राहतेच. टाकळ्याला आयुर्वेदात दादनाशक म्हटलं आहे हे खरं, पण खाजवून सोललेल्या जागेवर पाला वाटून थापणं हा काही उपचार नव्हे.

उपचार काय? ते डॉक्टर ठरवतील. गरज वाटली तर ते चट्ट्याच्या कडेचे पापुद्रे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, साधी तपासणी आहे. सरकारी दवाखान्यात पूर्वीपासून व्हिटफील्डचं मलम मिळतं, बेंझोइक आणि सॅलिसिलिक आम्लाचं. जुनं आहे, जरा झोंबतं, पण त्यात स्टेरॉईड नसतं. मलम कुठलंही असो, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढं गेलेली असते. खाज थांबली म्हणून औषध थांबवायचं नाही. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा दोन आठवडे तरी, चालू ठेवायचं. आणि घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्या सगळ्यांनी एकाच वेळी. नाहीतर नवऱ्याचं बरं होतं, बायकोकडून परत येतं. माझ्या घरात पाच महिने लागले. पैसे किती गेले ते विचारू नका, एका पोहण्याच्या तिकिटात ते बसत नव्हते एवढं सांगतो.

कपडे, करदोडा आणि कालवडीची मान

डॉक्टरांनी औषधाइतकाच वेळ कपड्यांवर घालवला. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. चड्डी, बनियन, पोहण्याचे कपडे गरम पाण्यात भिजवून, उलटे करून, कडक उन्हात वाळवायचे. घट्ट जीन घालून मोटारसायकलवर दिवसभर फिरायचं नाही. कमरेचा करदोडा काढा म्हणाले. घामानं आणि आंघोळीच्या पाण्यानं तो कायम ओला असतो, त्याच्याखालीच चट्ट्यांची रांग असते. आमच्या आईला ते पटलं नाही. शेवटी नवा घालायचा, पण बरं झाल्यावर, असा तोडगा निघाला.

बायकांचं दुखणं याहून अवघड. अंगातले कपडे कुणाला दिसू नयेत म्हणून साडीच्या खाली किंवा न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालायची रीत आहे. तिथं ते वाळत नाहीत, दमट राहतात, आणि तेच दुसऱ्या दिवशी अंगावर. कपड्याला ऊन लागू न देणारी ही लाज घरातल्या पुरुषांनीच मोडायला हवी. परसात एक दोरी बांधून द्यायला कितीसा खर्च येतो? आणि जांघेतला, छातीखालचा आजार त्या डॉक्टरांना दाखवत नाहीत. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना सांगितलं तरी चालतं, ही गोष्ट घराघरांत पोचायला पाहिजे.

गोठ्याचं विसरून चालणार नाही. कालवडींच्या, रेडकांच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर राखाडी, खपली धरलेले, केस गेलेले गोल चट्टे दिसतात ना, तेही गजकर्णच. धार काढणाऱ्याच्या हाताला, चेहऱ्याला, दाढीला ते लागतं. तेव्हा सगळा दोष तलावाच्या माथी मारण्याआधी गोठ्यात एक नजर टाकावी. असं वासरू वेगळं बांधावं, हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत, पशुवैद्यकाला दाखवावं. तालमीतही तेच. एकाचा लंगोट दुसऱ्यानं घ्यायचा नाही, आणि अंगावर चट्टा असलेल्या पैलवानानं बरं होईपर्यंत कुस्ती धरायची नाही, हे वस्तादांनी बघावं.

पोहणाऱ्यांच्या आणखी एका जागी बुरशी होते, ती म्हणजे कान. सारखं पाणी जाऊन कान ओला राहिला की आत काळी किंवा पांढरी बुरशी धरते. खाज सुटते, दडा बसतो. आणि आपण काय करतो? कोमट तेल ओततो. बुरशीला ओल हवीच असते, तेलानं ती वाढते. पोहून आल्यावर डोकं एका बाजूला कलतं करून पाणी निथळू द्यावं, बाहेरून टिपावं, बस्स. काडी, पिन, किल्ली काही आत घालू नये. ज्याचा कान फुटलेला आहे त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय डुबकी मारू नये.

तलाव चालवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी

पाण्याचं गणित आपल्या ग्रामपंचायतीला नवीन नाही. पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकायची आणि नळाला लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का हे ओटी चाचणीनं बघायचं, हे जलसुरक्षकाला पाठ असतं. पोहण्याच्या तलावात ते पुरत नाही. तिथं शिल्लक क्लोरीन लिटरमागं एक मिलिग्रॅमच्या खाली जाता कामा नये, साधारण एक ते तीनच्या दरम्यान ठेवतात.

समजा तलाव तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि सरासरी चार फूट खोल आहे. म्हणजे अठराशे घनफूट, सुमारे ५१ हजार लिटर पाणी. लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे ५१ ग्रॅम शुद्ध क्लोरीन. ताज्या टीसीएलमध्ये ते तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा साधारण १५५ ग्रॅम पावडर लागेल. दोन मिलिग्रॅमसाठी तीनशेच्या वर. हा झाला स्वच्छ पाण्याचा हिशेब. पन्नास पोरं डुंबून गेली की घाम, तेल आणि लघवी (होते, नाही कशाला म्हणायचं?) बरंच क्लोरीन खाऊन टाकतात. कडक ऊन उरलेलं उडवतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की पावडरचा जोरही कमी होतो. त्यामुळं नुसतं मापून टाकून भागत नाही, तपासावं लागतं, आणि तेही दिवसातून दोन-तीन वेळा. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी तलावात सोडावं. संध्याकाळी, माणसं बाहेर आल्यावर. सकाळी उतरू देण्याआधी चाचणी घ्यावी.

आम्लताही बघावी लागते. सामू ७.२ ते ७.८ च्या मध्ये हवा. टीसीएलमधल्या चुन्यानं तो वर चढतो आणि सामू वाढला की तेवढंच क्लोरीन कमी काम करतं. क्लोरीन आणि सामू दोन्ही बघायचा तलावाचा वेगळा संच मिळतो, तो घ्यावा. पिण्याच्या पाण्याची ओटीची बाटली थोड्या क्लोरीनसाठी असते. तपासलेलं रंगीत पाणी तलावात परत ओतू नये. आणि एक गैरसमज, क्लोरीनचा उग्र वास आला म्हणजे पाणी शुद्ध, असं नाही. बहुतेक वेळा घामात आणि लघवीत मिसळून निकामी झालेल्या क्लोरीनचा तो वास असतो.

पण हे सगळं पाण्याचं. गजकर्णाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे ती फरशी. काठाचा उतार बाहेरच्या बाजूला असावा, पाणी साचू नये. रोज बंद करताना फरशी, न्हाणी आणि बाक आधी साबणाच्या पाण्यानं खराट्यानं घासून पापुद्रे काढायचे. न घासता औषध टाकलं तर ते पापुद्र्यांवरून वाहून जातं. मग लिटरला तीस ग्रॅम टीसीएल या प्रमाणात केलेलं पाणी टाकून अर्धा तास ठेवायचं आणि धुऊन काढायचं. हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा. संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली मात्र जवळपासही ठेवू नका. टीसीएल आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू निघतो, बंद खोलीत माणूस गुदमरतो.

काही ठिकाणी दाराशी पाय बुडवायची कुंडी बांधतात. दिसायला बरी, पण दुपारपर्यंत तिच्यात शंभर पायांचा मळ साठतो. त्यापेक्षा वाहत्या पाण्याचा नळ आणि साबण ठेवा. तागाचं किंवा जाड कापडाचं पायपुसणं काढून टाका. आणि भाड्याचे पोशाख द्यायचेच असतील तर एका माणसानंतर ते गरम पाण्यात साबणानं धुऊन, उन्हात पूर्ण वाळवूनच दुसऱ्याला द्या. तेवढे जोड नसतील तर देऊच नका, विकायला ठेवा. लोक घेतात.

ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, आणि सरपंच यांना विनंती अशी की गावात असा तलाव असेल तर उन्हाळा सुरू होण्याआधी जलसुरक्षकाला आणि आरोग्य सेवकाला घेऊन एक चक्कर मारा. पाण्याची चाचणी त्यांच्या हातची आहे. टोपलीतले पोशाख हात लावून बघा, ओले आहेत का. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय एकदा तरी घ्या. मालक आपल्याच गावचा असतो, सांगितलं तर ऐकतो.

मागच्या उन्हाळ्यात पोराच्या हट्टापायी परत त्याच ठिकाणी गेलो. या खेपेला चौघांचे पोशाख, चौघांचे टॉवेल आणि रबरी चपला पिशवीत. काठावर नवी खरबरीत फरशी बसवलेली दिसली, न्हाणीत साबण होता. भाड्याची टोपली मात्र तिथंच होती. मी मालकाला बाजूला घेऊन माझी हकीकत सांगितली, खालच्या आवाजात. त्यांनी ऐकून घेतलं. मग तेही हळूच म्हणाले, कपडे पिळणाऱ्या पोऱ्यालाही दोन महिन्यांपासून तसेच चट्टे आहेत, मेडिकलमधली ट्यूब चालू आहे.